खाडे भरून काढायचे नसतात

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत एकच शब्द वेगवेगळ्या वळणांनी पुन्हा पुन्हा भेटला: ‘सुटलं’. चालणं सुटलं, जिम सुटली, खाण्याचं ताळतंत्र सुटलं. त्यातल्या एका पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. बाकीच्यांनी राग मानू नये, कारण त्यांचंही बरंचसं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न: माझं वय ४४. दीड वर्षात मी ११ किलो वजन कमी केलं होतं. आठवड्यातून चार दिवस ५ किलोमीटर पळत होते, जेवणाच्या वेळा ठरलेल्या होत्या. मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. चार महिने दवाखाना, घर आणि नोकरी. पळणं पहिल्याच दिवशी बंद झालं आणि जेवण म्हणजे उभ्या उभ्या हाताला लागेल ते. बाबा आता काठी घेऊन चालतात, मी मात्र ७ किलो परत कमावलेत. गेल्या दीड महिन्यात तीनदा सोमवारी सुरुवात केली आणि तिन्ही वेळा गुरुवारी बारगळले. पहिल्यांदा थेट ५ किलोमीटर पळायला गेले, निम्म्यातच धाप लागली आणि आठवडाभर गुडघे ठणकले. दुसऱ्यांदा रात्रीचं जेवण बंद केलं, तर अकरा वाजता बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. तिसऱ्यांदा का थांबले तेही आठवत नाही. बूट कपाटात मागे ढकललेत, दिसू नयेत म्हणून. चार महिन्यांचा बॅकलॉग लवकर भरून काढायचा आहे. किती दिवस लागतील? की माझ्यात चिकाटीच नाही?

उत्तर: चिकाटीचा विषय आधी मिटवू. आजारी माणसाचं उठवणं-बसवणं, रात्रीची जागरणं आणि वर नोकरी, हे चार महिने ओढलेल्या बाईने ‘माझ्यात चिकाटी नाही का’ असं विचारावं, याला काय म्हणायचं? शिवाय पक्षाघात झालेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घेणं हे काही हलकं काम नाही. आम्ही ते रीतसर शिकतो, तरीही आमच्या कमरा धरतात. तुम्ही चार महिने बसून नव्हतात. पळत नव्हतात, एवढंच.

तुमच्या पत्रात मी लाल रेघ मारली ती ‘बॅकलॉग’ या शब्दाखाली. शरीर हजेरीपट ठेवत नाही. खाडा पडला तो पडला. न पळलेले किलोमीटर कुठल्याही वहीत तुमच्या नावावर थकबाकी म्हणून मांडलेले नाहीत. ती वसुली तुम्हीच स्वतःवर लावलीत आणि निदान दोन सोमवार तरी त्या वसुलीनेच खाल्ले. पहिल्या खेपेला वसुली गुडघ्यांकडून केलीत, दुसऱ्या खेपेला पोटाकडून. तिसऱ्या खेपेचं तुम्हाला आठवत नाही, पण मला वाटतं, तोवर तुम्ही दमला होतात.

गेलं काय आणि उरलं काय, ते नीट बघू. सगळ्यात आधी जातो तो दम. व्यायाम थांबला की पहिल्या दोनेक आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग कमी होऊ लागतो. मग हृदयाच्या एका ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त बाहेर पडतं आणि त्याच वेगाने पळायला जास्त ठोके लागतात. तुम्हाला निम्म्यात धाप लागली ती यामुळेही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगल्या तयारीच्या सात खेळाडूंचा सराव ८४ दिवस थांबवला होता. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली, आठ आठवड्यांपर्यंत ही घट १६ टक्क्यांवर गेली, आणि मग घसरण जवळपास थांबली. त्या पातळीलाही ती मंडळी कधीच व्यायाम न केलेल्यांच्या वरच होती. खेळाडूंचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत हे खरं, पण मुद्दा तोच आहे. माणूस पार तळाला जात नाही. स्नायूंची ताकद तर त्याहून चिवट. तीन-चार आठवडे ती फारशी हलत नाही, आणि नंतर गेली तरी पहिल्यांदा कमावताना लागला होता त्यापेक्षा कमी वेळात परत येते.

मला स्वतःला धीर देणारा अभ्यास अमेरिकेतल्या डॅलसचा. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. उठले तेव्हा त्यांची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यापेक्षा कमी निघालं! मग त्यांच्याकडून सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम करून घेतला, तेव्हा वयाने घटलेली क्षमता परत मिळाली आणि ते विशीतल्या मूळ पातळीवर आले. पाचच माणसं, मान्य. पण पन्नाशीत सहा महिन्यांत हे होत असेल, तर चव्वेचाळिसाव्या वर्षी चार महिन्यांच्या खाड्याचं किती मनाला लावून घ्यायचं?

आता गुडघे. दम काही आठवड्यांत परत येतो, स्नायूही तुलनेने लवकर सावरतात, पण स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर, म्हणजे टेंडन, फार संथ असतात. त्यामुळे खरा धोका पहिल्या आठवड्यात नसतो. तेव्हा तुम्ही धापा टाकत असता, आपोआप थांबता. धोका असतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा एके दिवशी अचानक पाय हलके पडतात, छाती साथ देते आणि वाटतं, आलो की परत!

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून मी हवेत पाय टाकला आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा टेप लावून पोटरी मोजली, दुसऱ्या पायापेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक. दिवसभर लोकांना ‘सावकाश, सावकाश’ म्हणणारी मी सुरुवातीला शहाण्यासारखी वागले. चालणं, टाचा उचलणं, मग थोडं पळणं. पळायला लागून चौथा आठवडा होता. सकाळी इतकं छान वाटत होतं की दोन किलोमीटरवर थांबायचं ते सहा पळून आले. दुसऱ्या दिवशी टाचेमागचा दोर असा धरला की पलंगावरून उतरून पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागायची. ते बरं व्हायला अकरा आठवडे लागले. घोट्याला सहा, घोड्यावर बसण्याला अकरा. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना हे मी सांगत नसे. आता सांगते.

तर तुमचं गणित असं मांडा. पहिले दोन आठवडे पळायचं नाहीच. रोज १२ ते १५ मिनिटं चालायचं, आणि ‘अजून थोडं चाललं असतं’ असं वाटत असतानाच घरी परतायचं. तुम्हाला हा अपमान वाटेल. वाटू दे. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, एक मिनिट अगदी हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असे सहा फेरे. पळताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. एकेक शब्द तोडून बोलावं लागत असेल तर वेग जास्त आहे. कोणी सोबत नसेल तर स्वतःशी बोला, लोक बघतात, सवय होते. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर, दोन्ही एकाच आठवड्यात नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं. हे शेवटचं कंटाळवाणं आहे आणि सगळेजण टाळतात. मीही टाळत होते, म्हणून ते अकरा आठवडे.

दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येणं ठीक. सांध्यात दुखणं, लंगडावं लागणं किंवा सकाळी आदल्या दिवशीपेक्षा जास्त दुखणं ठीक नाही. तसं झालं तर मागच्या आठवड्याच्या मापावर या. आठवड्याला १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा तुम्हाला ठाऊक असेलच. तो गाठायचा आहे, पण तो पुढचा मुक्काम आहे. याच संघटनेने २०२० च्या सूचनांत ‘एका वेळी निदान दहा मिनिटं तरी हवीत’ ही जुनी अट ठेवलेली नाही. सहा मिनिटांचं चालणंसुद्धा आता हिशेबात धरलं जातं.

बिस्किटांच्या पुड्याकडे येते. त्या रात्री तुम्ही हावरट झाला नव्हतात. दुपारपासून उपाशी होतात आणि झोपही अपुरी होती. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि तीही गोड-तेलकटाची. पण मला त्या पुड्यापेक्षा दुसऱ्या दिवसाची काळजी आहे. ‘आता बिघडलंच आहे तर बिघडू दे’ हा जो विचार येतो, त्याने एका पुड्याचा अख्खा आठवडा होतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी मोजूनमापून खात नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या पथ्य पाळणाऱ्या होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच म्हटल्यावर धरणाचं दार उघडलं. २००७ साली असंच एक पाहणं झालं. डोनट खाल्ल्यावर ज्यांना ‘सगळेच कधी ना कधी असं खातात, मनाला लावून घेऊ नका’ एवढं सांगितलं गेलं, त्यांच्यातल्या पथ्यवाल्यांनी नंतर मिठाया कमी खाल्ल्या. मला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं. आपल्याकडे समज उलटा, स्वतःला जितकं टोचून बोलाल तितकी शिस्त येईल.

म्हणून पुडा संपला की भरपाई नाही. सकाळचा नाश्ता नेहमीच्या वेळी, नेहमीएवढा. पहिले तीन आठवडे ताटातून काहीही काढायचं नाही, फक्त घालायचं. सकाळच्या खाण्यात प्रथिनांचा एक पदार्थ, म्हणजे अंडं, दही, कडधान्य, जे चालत असेल ते. दुपारी भाजी दुप्पट. चार-पाचच्या सुमारास फळ आणि मूठभर दाणे, कारण रात्री अकराची भूक बहुतेकदा संध्याकाळी पाचलाच जन्माला आलेली असते. आणि रात्रीचं जेवण, बसून. उभ्याने खाल्लेलं मोजलं जात नाही असं आपल्याला वाटतं. पोटाला तसं वाटत नाही.

राहिला सोमवार. सोमवार वाईट नाही. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला जिममध्ये जाणाऱ्यांची संख्या वाढते, हे २०१४ च्या एका अभ्यासात नीट मोजलेलं आहे. पण तुमचा प्रश्न गुरुवारचा आहे आणि तुम्ही तयारी करता ती सोमवारची. लंडनमध्ये ९६ जणांनी एकेक नवी सवय लावून घेतली तेव्हा ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांवर गेला. मधला आकडा ६६. त्यात मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही, असंही दिसलं. तुमच्या ‘किती दिवस’ या प्रश्नाला इतकंच प्रामाणिक उत्तर आहे. दम आणि पायांचं विचाराल तर तीन-चार महिने धरून चाला. लवकर झालं तर मला रागावू नका.

आणि गुरुवारसाठी एक छोटा व्यायाम आत्ताच ठरवून कागदावर लिहून ठेवा, अमुक झालं तर तमुक अशा शब्दांत. ‘बाबांना तपासणीला न्यायचं असेल त्या दिवशी, परत आल्यावर चपला काढायच्या आधी जिना दोनदा चढायचा-उतरायचा.’ बस्स. त्या दिवशीची हजेरी लागली. बाबांनाही रोज थोडं चालायला सांगितलं असेल, तर तुमचे पहिले दोन आठवडे त्यांच्याबरोबरच काढा. काठीचा वेग तुमच्या गुडघ्यांना मानवेल. बूट कपाटातून काढून दारात ठेवा, आणि हो, घालण्याआधी तळवे बघा. दीड वर्षं पळून झिजले असतील तर गुडघ्यांचा सगळा दोष तुमच्या माथी नको.

प्रश्न: वय ५२. दोन महिन्यांपूर्वी ताप आणि खोकल्याने आडवा झालो होतो. आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत. पण थोडा वेगाने चाललो तर त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र अंथरुणातून उठवत नाही. मुलगा म्हणतो, आळस आहे, रेटा.

उत्तर: मुलाचं ऐकू नका. तुम्ही लिहिलेली ‘दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी’ ही खूण महत्त्वाची आहे. व्यायाम सुटल्यामुळे आलेला अशक्तपणा श्रम करतानाच जाणवतो आणि थोड्या विश्रांतीने उतरतो. श्रमानंतर दिवसभराने येणारी आणि अंथरुणाला खिळवणारी ग्लानी वेगळी असू शकते. काही आजारपणांनंतर ती काही जणांमध्ये रेंगाळते आणि अशांना रेटून व्यायाम करायला लावलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. दीर्घकालीन थकव्याच्या विकारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली तो मागे घेतला. तुम्हाला तोच विकार आहे असं मी पत्रावरून मुळीच म्हणत नाही. पण डॉक्टरांकडे जाताना पंधरा दिवसांची नोंद घेऊन जा: किती चाललो, आणि पुढचे दोन दिवस कसे गेले. ही नोंद रिपोर्टमध्ये नसते. तोवर ज्यानंतर ग्लानी येत नाही तेवढंच करा, बरं वाटणाऱ्या दिवशीसुद्धा. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, जिना चढताना नवीनच लागू लागलेली धाप, यातलं काहीही असेल तर पंधरा दिवस थांबायचं नाही. लगेच दाखवा.

प्रश्न: वय २४. परीक्षेमुळे तीन महिने जिमला गेलो नव्हतो. परवा गेलो आणि जुनंच वजन घेऊन पायांचा पूर्ण व्यायाम केला. आता कमोडवर बसताना दोन्ही बाजूंना धरावं लागतंय. हे किती दिवस चालणार?

उत्तर: पत्र वाचून हसले, माफ कर. असं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं आणि आठवड्याभरात जातं. तोवर सपाटीवर सावकाश चाल, पाणी पी. पण एक गोष्ट गंमतीची नाही. लघवी गडद तपकिरी झाली, पाय फार सुजले किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले तर त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी जोर करणाऱ्यांत हे दिसतं. पुढच्या वेळी जुन्या वजनाच्या निम्म्यावर सुरू कर. कुणी बघत नसतं, आणि बघत असलं तर त्यांचा व्यायाम नीट चाललेला नसतो.

प्रश्न: महिनाभर नीट चाललं होतं. शनिवार-रविवारी खाणं जरा जास्त झालं आणि सोमवारी काट्यावर २ किलो वाढलेले! सगळी मेहनत वाया?

उत्तर: एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. दोन किलो चरबीसाठी तुम्हाला दोन दिवसांत रोजच्या गरजेच्या वर पंधरा हजार कॅलरी खाव्या लागल्या असत्या. ‘जरा जास्त’ म्हणजे इतकं नसावं. खाणं वाढलं, विशेषतः पिष्टमय, की शरीर त्यातलं काही ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात मिठाने धरलेलं पाणी आणि पोटातलं अजून न पचलेलं अन्न. नेहमीसारखं खाल्लंत की चार-पाच दिवसांत यातलं बहुतेक उतरेल. मात्र आज उपाशी राहून ते उतरवू नका, नाहीतर पुढच्या खेपेला बिस्किटांच्या पुड्याचं पत्र तुमच्याकडून येईल. वजन आठवड्यातून एकदाच करा, बुधवारी करा, सकाळी काही खाण्याआधी.